को जागर्ति?

किल्ली फिरवल्यावर गाडीनं 'घुर्रर्र' करावं, यापलीकडे मी माझ्या गाडीकडून कधी काही मागितलेलं नाही. बारा वर्षं तिनं ते केलंही. पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला मी किल्ली फिरवली आणि ती म्हणाली, 'कट-कट-कट-कट.' मराठीत कटकट हा शब्द ज्यानं आणला त्याच्या काळी मोटारी नसणार. पण त्याला पुढचं दिसत होतं.

या कटकटीमागचं शास्त्र मला बऱ्याच उशिरा कळलं. आत्ताच सांगून टाकतो, कारण त्या सकाळी कळलं असतं तरी काही उपयोग नव्हता. सेल्फच्या मोटरला इंजिन फिरवायला शंभरावर अँपिअर लागतात. मोटर जोडून देणारा सोलेनॉइड मात्र थोडक्यात भागवतो. अर्धमेल्या बॅटरीला सोलेनॉइडचं पोट भरणं जमतं. तो 'कट' करून चिकटतो, मोटर जोडली जाते, ती ताटावर बसल्या बसल्या शंभर मागते, बॅटरीचे डोळे फिरतात, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो. मोटर उठून गेली की बॅटरीला पुन्हा हुशारी येते. पुन्हा 'कट'. महिनाअखेरीला पाहुण्याला 'आता जेवूनच जा' म्हणायचं आणि तो खरंच बसला की आत जाऊन डबे वाजवायचे, तसला प्रकार.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. आमच्या गल्लीत गाडी बंद पडणं ही कोणाची खाजगी बाब राहत नाही. तिसऱ्या 'कट'ला समोरचे अप्पा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. पाचव्याला पॉवरलूमवाले अण्णा आले. नंतरची पोरं कुठून आली ते कळलं नाही.

'काय झालं ओ काका, चालू होईना का?'

'बॅटरी उतरली वाटतं.'

'मग ढकलाव की!'

सोलापुरात माणूस मदतीला कमी पडत नाही. अडचण असेल तर आकडे मोजण्याची. मी आत बसलो. दुसरा गिअर, किल्ली ऑन, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच सोडायचा, एवढं मला येतं. मागं अप्पांनी मोजलं, 'ओंदु, एरडु, मूरु.' त्याच वेळी अण्णांनी मोजलं, 'ओकटि, रेंडु, मूडु.' आमचे शेजारी, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, यांनी मराठीत मोजलं, पण त्यांनी शून्यापासून सुरुवात केली. प्रत्येकाचा 'तीन' वेगळ्या क्षणी पडला. गाडी हप्त्याहप्त्यानं सरकली आणि थांबली. शेवटी एका पोरानं 'हैशा' असा कुठल्याच शब्दकोशात न बसणारा शब्द उच्चारला, तो तिघांनाही एकदम समजला आणि गाडी चालू झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कटकट. तिसऱ्या दिवशी मी किल्ली फिरवायच्या आधीच अप्पा टॉवेल घेऊन उभे होते.

आता गल्लीत निदान सुरू झालं. अप्पा म्हणाले, बॅटरीला पाणी नाही. झाकणं उघडून बघितलं तर पाणी खरंच थोडं खाली होतं. पोरगं धावत नळाचं पाणी आणायला निघालं, त्याला शिक्षकांनी हाताला धरून थांबवलं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच टाकायचं. नळाच्या पाण्यातले क्षार आतल्या शिशाच्या प्लेटांचं वाटोळं करतात. शिवाय सोलापुरात नळाचं पाणी टाकायचं ठरवलंच असतं, तरी ते यायला आणखी तीन दिवस होते.

अण्णांचं म्हणणं, दृष्ट लागली. पाडव्याला धुऊन, हार घालून गाडी अशी चकाचक उभी केली होती की कोणाचीही लागावी. शनिवारी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची आली. शिक्षकांना ती संधी पुरली. लिंबात एक जस्ताची आणि एक तांब्याची पट्टी खुपसली की सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात, म्हणजे १४ लिंबं ओळीनं जोडली की १२ व्होल्टची बॅटरी तयार, असं त्यांनी पोरांना तिथंच समजावलं. 'मग जोडाव की ओ सर,' एक पोरगं म्हणालं. शिक्षकांनी सांगितलं की व्होल्ट मिळतील, पण करंट इतका फुटकळ की साधा दिवासुद्धा लागणार नाही. व्होल्ट म्हणजे रुबाब आणि अँपिअर म्हणजे खिशातले पैसे. हे उदाहरण देताना त्यांनी माझ्याकडं का बघितलं ते मी विचारलं नाही.

त्यांनी आणखीही बरंच सांगितलं. शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये केली, म्हणजे सत्तावन्नच्या उठावानंतर अवघ्या दोन वर्षांनी. आणि १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ बसला, तोपर्यंत लोक समोर उभं राहून हँडल मारत. हँडल उलटं फिरलं की मनगट जायचं. अँबेसेडरच्या डिकीतसुद्धा ते हँडल असायचं, मला आठवतं. वडील ते मारायचे तेव्हा आई देवापाशी जायची. हे सगळं फार उद्बोधक होतं. ऑफिसला मात्र मी रिक्षानं गेलो.

बॅटरीच्या दुकानातल्या माणसानं बॅटरीकडं न बघता माझ्याकडं बघितलं आणि 'किती वर्षं झाली?' असं विचारलं. मी म्हणालो, पाच. त्यानं डॉक्टर करतात तसा आवाज केला. 'सोलापुरात पाच म्हणजे लई झाली की ओ.' यात तथ्य होतं. थंड देशात बॅटरी हिवाळ्यातल्या सकाळी दगा देते म्हणून बिचाऱ्या थंडीचं नाव खराब आहे. बॅटरीचं आयुष्य खरं खातो तो उन्हाळा. उष्णतेनं आतली रासायनिक खटपट वाढते, पाणी उडतं, प्लेटा गंजतात. एप्रिलमध्ये आमच्याकडं पारा ४२ च्या आसपास असतो, तो सावलीत. बॉनेटखाली इंजिनाशेजारी बसलेल्या बॅटरीला काय होत असेल, हे ज्यानं दुपारी दोनला सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटर उभी केली आहे त्याला सांगायला नको.

मी नवी बॅटरी घेतली. ३५ अँपिअर-अवर, वॉरंटीचं कार्ड, जुनी परत दिल्याबद्दल थोडी सूट. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं 'घुर्रर्र' केलं. अप्पा टॉवेल घडी करून आत गेले. मला वाटतं ते जरा नाराज होते. पाचव्या दिवशी सकाळी नवी बॅटरी जुनीच्याच आवाजात म्हणाली, 'कट-कट-कट-कट.'

सोलापूरकराला खरं तर हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. आम्हाला नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. येतं तेव्हा आम्ही टाकी, पिंप, कळश्या, पातेली, प्रसंगी आंघोळीचा तांब्यासुद्धा भरून ठेवतो. आता समजा गच्चीवरच्या टाकीचा एक नळ रात्रभर ठिबकतोय. सकाळी टाकी रिकामी. मग कोणी टाकी बदलतं का? आधी ठिबकणारा नळ शोधतात, आणि घरात जो शेवटचा आंघोळ करून आला त्याला बोलतात. मी टाकी बदलून आलो होतो.

दुकानदारानं आता एक उपाय सांगितला, तो फुकट होता म्हणून मी लगेच स्वीकारला. रात्री केबल काढून ठेवायची, सकाळी लावायची. त्यासाठी दहा नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह काढायची, आणि लावताना ती शेवटी. कारण गाडीचं सगळं अंग निगेटिव्हला जोडलेलं असतं. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर पाना, पत्रा आणि आपण तिघंही उजळून निघतो. आठवडाभर मी रोज रात्री साडेदहाला, जेवण झाल्यावर, पाना घेऊन खाली उतरत होतो. गाडीतलं घड्याळ रोज सकाळी नव्यानं जन्माला यायचं आणि रेडिओला आकाशवाणी सोलापूर कुठं लागतं ते रोज सांगावं लागायचं. बायको म्हणाली, 'अहो, लोक रात्री दाराला कुलूप लावतात. तुम्ही गाडीचा प्राण काढून ठेवता.'

मग मी नवी पेठेतून चारशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. व्होल्ट मोजणं सोपं निघालं. लाल तार पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. धडधाकट, विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२ दाखवत असेल तर ती कशीबशी उभी आहे. रात्री केबल काढायची राहिली, त्या सकाळी माझी ११.८ होती. ढकलून गाडी चालू केल्यावर १४.१ झाली, म्हणजे अल्टरनेटर भरतोय. उत्पन्नाची तक्रार नव्हती, खर्च कुठं होतोय ते कळत नव्हतं. पगारदार माणसाला हा आजार नवा नाही.

खर्च मोजायचा म्हणजे करंट मोजायचा, म्हणून मी मीटरचं बटण अँपिअरवर फिरवलं, लाल तार अँपिअरच्या भोकात घातली आणि दोन्ही टोकं पुन्हा बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना लावली. कोणीही असं करू नये. अँपिअर मोजताना मीटर वाटेत बसवायचा असतो, केबल काढून बॅटरी आणि केबल यांच्या मधोमध. करंट त्याच्यातून गेला पाहिजे. मी मात्र मीटरच्या पोटातून सबंध बॅटरीला सरळ रस्ता करून दिला. फट्ट झालं, ठिणगी उडाली, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. चारशे रुपयांत मला एवढं कळलं की माझी बॅटरी नवी आणि ताकदवान आहे.

शेवटी मिस्त्री आला. हा गाड्यांचं वायरिंग करतो. त्याचे वडील मागावर होते, आणि हा वायरी चाचपतो ते ताण्यातला तुटलेला धागा शोधल्यासारखं, बोटांनी, नजर दुसरीकडं ठेवून. आल्या आल्या त्यानं विचारलं, 'कधीपासून होतंय?'

'पाडव्यापासून.'

'पाडव्याला काय काम केलं होतं का गाडीचं? टेप, हॉर्न, कायतरी लावलं?'

'छे. काही नाही.'

हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. प्रामाणिक माणसाचीच स्मरणशक्ती जास्त दगा देते.

मिस्त्रीनं निगेटिव्ह केबल काढली, मधे स्वतःचा मीटर बसवला आणि म्हणाला, 'आता हिला झोपू द्या. अर्धा तास कुणी हात लावायचा नाही.' गाडी बंद केली म्हणजे ती लगेच झोपत नाही, हे मला माहीत नव्हतं. सेंट्रल लॉक, घड्याळ, रिमोटची वाट बघणारं यंत्र, ही सगळी मंडळी थोडा वेळ कुजबुजत राहतात आणि मग एकेक करून आडवी होतात. अगदी नव्या गाडीत तर ही कुजबूज बराच वेळ चालते. सगळं निजल्यावर जो थोडा करंट वाहतो तो माफ. ०.०३, फार तर ०.०५ अँपिअर. त्यापेक्षा जास्त दिसला की आत कोणीतरी जागं आहे.

कोजागरीला लक्ष्मी रात्री दारोदार विचारत फिरते, को जागर्ति, कोण जागं आहे? जो जागा असेल त्याला ती द्रव्य देते. गाडीत उलटं. जो जागा असतो तो द्रव्य खातो.

पण आमच्या गल्लीत गाडी झोपवायची म्हणजे आधी गल्ली झोपवावी लागते. मीटरवर आकडा उतरत उतरत ०.६ ला आला आणि एका पोरानं 'काय करलालाव ओ काका?' म्हणत दार उघडलं. आतला दिवा लागला, लॉक खडखडलं, आकडा चारवर गेला. पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटांनी अण्णांनी केवळ आपुलकीनं हॉर्न वाजवून बघितला. तिसऱ्या वेळी शिक्षकांनी पोरांना फ्यूज म्हणजे काय ते दाखवायला आतलं झाकण काढलं. मिस्त्री काही बोलला नाही. त्यानं मीटर पेटीत ठेवला आणि म्हणाला, 'दुपारी दोनला येतो.'

एप्रिलमध्ये दुपारी दोनला सोलापुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाऊन सगळी गल्ली कूलरपुढं आडवी झालेली असते. मिस्त्री रुमाल डोक्याला बांधून आला. त्यानं ड्रायव्हरचं दार उघडं ठेवलं, पण दाराच्या लॉकची जीभ स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून बसवली, म्हणजे गाडीला वाटलं दार लागलं. फ्यूजच्या पेटीपर्यंत हात पोचेल आणि गाडी उठणार नाही, अशी ती तजवीज. बाळाला पाळण्यात ठेवून पाय न वाजवता मागं सरकणाऱ्या बाईसारखे आम्ही दोघं भिंतीच्या वीतभर सावलीत सरकलो आणि अर्धा तास उभे राहिलो. बोललोही हळू.

आकडा ०.४५ वर येऊन थांबला. पुढं हलेना.

मिस्त्रीनं मोबाईलवर हिशोब केला. दिवसाचे २४ तास गुणिले ०.४५, म्हणजे जवळजवळ ११ अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. मी जाऊन-येऊन दहा किलोमीटर चालवणार, त्यात एसी, त्यात सिग्नल. भरून किती येणार? नव्या बॅटरीनं चार दिवस काढले हेच तिचे उपकार.

मग तो एकेक फ्यूज उपटायला लागला. हॉर्नचा काढला, ०.४५. वायपरचा, ०.४५. टेपचा काढताना माझा जीव अडकला होता, कारण तो मी हौसेनं बसवून घेतला होता, पण आकडा ढिम्म. आतल्या दिव्यांचा काढला आणि मीटर टपकन ०.०३ वर आला. आम्ही दोघांनी गाडीत डोकावलं. छतावरचा दिवा बंद. दाराचे बंद.

'डिकीत दिवा आहे का?' मिस्त्रीनं विचारलं.

'आहे की. पण झाकण लावलं की विझतो.'

'कुणी बघितलंय?'

हा प्रश्न मानवजातीनं आजवर फ्रिजच्या बाबतीत टाळत आणलेला आहे. दार लावल्यावर आतला दिवा विझतो, असं आपण सगळे एकमेकांच्या भरवशावर मानतो. मिस्त्रीनं फ्यूज परत बसवला, माझाच मोबाईल घेतला, व्हिडिओ चालू करून डिकीत स्टेपनीला टेकवून ठेवला आणि झाकण लावलं. मिनिटभर थांबला. उघडलं.

व्हिडिओत झाकण खाली येतं, धप्प होतं, आणि डिकीत लख्ख उजेड राहतो. आतून डिकी मी प्रथमच बघत होतो. फार स्वच्छ दिसत होती. कडेला पार्सल-शेल्फच्या खालच्या खाचेत एक पिवळी पिशवीही दिसत होती. संक्रांतीला पुण्याच्या ताईसाठी घेतलेली अर्धा किलो शेंगाचटणी. कुरिअरवाल्यांनी हरवली असं मी तिला सांगितलं होतं, आणि नंतर ते मलाच खरं वाटायला लागलं होतं.

झाकणाच्या कुलपाशी एक बटण असतं. झाकण बसलं की ते दाबलं जाऊन दिवा विझतो. बटणावरची रबराची टोपी झिजून पडली होती, त्यामुळं झाकण त्याच्यापर्यंत दोन-तीन मिलिमीटरनं पोचत नव्हतं. 'हे आत्ता नाही झालेलं, जुनं आहे,' मिस्त्री म्हणाला. 'वर्ष-दोन वर्षं तरी. मग एवढे दिवस काय झालं नाही कसं?' त्यानं दिव्याचं कव्हर नखानं काढलं. बल्ब पाच वॅटचा. पाच भागिले बारा, ०.४२. हिशोब जुळला. त्यानं बल्ब उन्हात धरला आणि फिरवून बघितला. 'हा तर नवीन दिसतोय.'

मला तेव्हा सगळं आठवलं. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी डिकीत अंधार होता. बल्ब कधीचा गेलेला होता, आणि तो गेलेला असल्यामुळंच बटण बिघडलेलं असूनही बिचाऱ्या बॅटरीला त्रास नव्हता. मी वीस रुपयांचा नवा बल्ब आणला, स्वतःच्या हातानं बसवला, लागला तेव्हा गल्लीतल्या दोघा-तिघांना बोलावून दाखवला, आणि झाकण लावून समाधानानं वर गेलो.

'कुणी लावला?' मिस्त्रीनं विचारलं.

'सर्व्हिसिंगला दिली होती मागं,' मी म्हणालो. 'त्यांनीच लावला असेल.'

'हौ का,' मिस्त्री म्हणाला.

त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबचा चौकोनी तुकडा कापून बटणावर चिकटवला. चिकटायला दहा मिनिटं. मग खात्रीसाठी मोबाईल पुन्हा डिकीत ठेवून झाकण लावलं आणि मला म्हणाला, 'काका, जरा पाणी आणता का?' मी वर गेलो, माठातलं पाणी आणि त्याचे पैसे घेऊन आलो. तोवर उन्हं कलली होती, चार वाजून गेले होते आणि गल्ली उठून गाडीभोवती जमली होती. त्यानं झाकण उघडून मोबाईल माझ्या हातात दिला. पडदा काळाकुट्ट. झाकण उघडायच्या आधी मीटर ०.०३. टाळ्या पडल्या. अप्पांनी टॉवेलनं तोंड पुसलं. सर्व्हिसिंगवाल्यांनी मेलं कसं बघितलं नाही, असं मी दोनदा मोठ्यानं म्हणालो.

रात्री जेवण झाल्यावर, पाना घेऊन खाली जायचं कारण उरलं नव्हतं म्हणून, मी तो व्हिडिओ आवाजासकट पुन्हा लावला. धप्प. अंधार. आणि अंधारात पत्र्याआडून, पण स्वच्छ, अण्णांचा आवाज, 'सापडलं का बे काय?'

'डिकीचा दिवा. बल्ब नवा घातलाय कुणीतरी.'

'कुणीतरी काय? काकांनीच घातला की पाडव्याला. आम्हाला बोलावून दाखवला.'

'मग ते सर्व्हिसिंगवाल्यांचं नाव का घेतेत?'

थोडा वेळ कोणीच बोलत नाही. लांबून रिक्षा जाते. मग बायकोचा आवाज येतो. ती खाली कधी गेली होती मला माहीत नाही.

'असू द्या ओ. त्यांना नका सांगू.'